धुक्याच्या दिवसांची चित्रं

मी बुरशीचा माणूस. मूळचा कऱ्हाडचा. नोकरीसाठी लखनऊला आलो आणि इथल्या एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं पानांवरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिची चित्रं काढली. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: दिसेल तेवढंच काढायचं. पुस्तकात आहे म्हणून किंवा असायला हवं म्हणून एक रेघही जास्त ओढायची नाही. पुढचं वाचताना माझा हा स्वभाव लक्षात ठेवावा एवढीच विनंती. मी भूतबित मानत नाही. माझी बायको नंदा तर म्हणते, मी धड देवही मानत नाही.

सूर्याचा नाद लागला २००१ च्या ऑक्टोबरात. सरोजिनी नगरात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. गच्ची मोठी, आजूबाजूला उंच काही नाही, कानपूर रोड अर्ध्या किलोमीटरवर आणि विमानतळ इतका जवळ की उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता यायची. मी साठ मिलिमीटरची एक साधी दुर्बीण घेतली. सूर्याकडे तिच्यातून कधीच बघायचं नसतं, डोळा जातो. नळीची सावली सगळ्यांत लहान पडेल अशी ती वळवायची. मग मागे धरलेल्या पांढऱ्या कार्डावर सूर्य आपोआप उतरतो, बशीएवढा. त्याच्यावरचे डाग बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. कार्डावर छापील फॉर्म लावायचा, त्यातल्या वर्तुळात सूर्य बसवायचा आणि पेन्सिलीने डाग गिरवायचे. खाली रकाने: तारीख, वेळ, निरीक्षक, ढग, दृश्यता पाचपैकी किती, शेरा. पंधरा मिनिटांचं काम, रोज ऑफिसला निघण्याआधी.

पहिल्या दिवशी बराच वेळ खटपट केली तरी कार्डावर काही येईना. सावली बरोबर, नळी बरोबर, पण कार्ड कोरं. माझी मुलगी मुक्ता तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती कठड्याला टेकून शेंगदाणे खात माझी फजिती बघत होती. शेवटी शांतपणे म्हणाली, "बाबा, झाकण."

दुर्बिणीच्या तोंडावरचं काळं झाकण मी काढलंच नव्हतं. पुढेही वर्षातून चार-पाच वेळा मी हा पराक्रम करत असे आणि ती दर वेळी तेवढ्याच शांतपणे तेवढेच दोन शब्द बोलत असे.

साइट तिनेच बनवली. नाव ठेवलं 'सूर्यवही'. नोटपॅडमध्ये एकेक ओळ टायपून, फुकट जागा देणाऱ्या एका सर्व्हरवर. पिवळीधमक पार्श्वभूमी, कोपऱ्यात लुकलुकणारा तारा, खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा. त्यातले निम्मे आम्हीच. मी म्हटलं, सूर्याच्या साइटवर तारा कशाला? तर म्हणाली, "सूरज भी तारा ही है, बाबा. आपल्यात सायंटिस्ट कोण आहे?" महिन्याचं कॅलेंडर, प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवसाचं चित्र. आठवडाभर मी काढी, रविवारी ती. तिची चित्रं लांबून ओळखू येत. ती डावखुरी होती. लिहिताना हाताची कड पेन्सिलीवरून घासत जाई आणि प्रत्येक रकान्यात उजवीकडे करडा फराटा उमटे.

लखनऊचं धुकं आपल्याकडच्या माणसाला सांगून कळत नाही. हात लांब केला तर बोटं पुसट होतात. २००३ च्या जानेवारीत एकोणीस दिवस सूर्य दिसला नाही. कॅलेंडरवर एकोणीस चौकोन रिकामे. एक दिवस ऑफिसातून येऊन पाहतो तर सगळे भरलेले.

"हे काय आहे?"

"भर दिए," मुक्ता म्हणाली. "सूर्य एका दिवसात किती फिरतो ते माहीत आहे ना. आधीचं चित्र घेतलं, नंतरचं घेतलं, मधले काढले. कितना गंदा लग रहा था यार, सगळे डबे खाली."

"तू सूर्य पाहिलास?"

"नाही. पण वर होताच ना तो. ऊपर तो है ही."

"पाहिलास का?"

मी इतका चढ्या आवाजात बोललो की नंदा कणकेच्या हाताने बाहेर आली. खोटी नोंद म्हणजे चोरी, असं काहीबाही मी बोललो. सोळा वर्षांच्या मुलीला. तिने माझ्यासमोर एकोणीसच्या एकोणीस चित्रं पुसली, डोळे भरलेले, ओठ घट्ट. रिकाम्या चौकोनांना करडा रंग दिला आणि प्रत्येकात लिहिलं, 'धुके'. मग मी सांगितलेलं वाक्य पहिल्या पानावर, नावाखाली टाकलं: 'जे पाहिलं नाही, ते इथे काढलेलं नाही.' त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

२ जानेवारी २००८ ला सकाळी सव्वाआठ वाजता ती स्कूटरने विद्यापीठात निघाली होती. कानपूर रोडवर धुक्यात एक ट्रक दिवे न लावता उभा होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

चाळीस दिवस मी गच्चीवर गेलो नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी नंदाच म्हणाली, "जा वर. घरात बसून काय करणार आहात?" गेलो. झाकण काढायला विसरलो. कोणी काही बोललं नाही. तिथेच खाली बसून मी रडलो.

पुढच्या वर्षी ती फुकटची जागा बंद होणार असल्याची मेल आली. सगळं दुसरीकडे हलवायला हवं होतं. मी पुस्तक आणून शिकलो, पिवळा रंग काढून पांढरा केला, लुकलुकता तारा मात्र ठेवला. जुन्या सर्व्हरवरच्या फाइली उतरवून घेतल्या आणि सवयीप्रमाणे मोजल्या. वहीत नोंद होती त्यापेक्षा चाळीस जास्त होत्या.

ती चाळीस चित्रं २ जानेवारी ते १० फेब्रुवारी २००८ ची होती.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की ती मीच काढली असावीत. अशा दिवसांत माणूस काय करतो ते त्याचं त्यालाच आठवत नाही. मी मूळ कागदांचे गठ्ठे उपसले. त्या तारखांचे कागद नव्हते, नुसती स्कॅन होती. फॉर्म आमचाच होता. रकान्यांत उजवीकडे करडा फराटा होता. पहिल्या चित्रावर वेळ होती, आठ एकतीस.

त्या हिवाळ्यात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. बहुतेक वर्तुळं कोरी होती. ४ जानेवारीच्या चित्रात मात्र उत्तरेकडे, फार वर, एकच टिंब होतं. मी परदेशातल्या वेधशाळांच्या नोंदी उघडल्या. त्याच दिवशी, त्याच जागी, दर अकरा वर्षांनी सुरू होणाऱ्या नव्या सौरचक्राचा पहिला डाग दिसला होता. दोन-तीन दिवस राहिला आणि विरला. आदल्या दिवसाच्या चित्रावरून तो कोणालाही मांडता आला नसता, कारण आदल्या दिवशी तो नव्हताच. तो पाहावाच लागतो.

मी खुर्चीत मागे टेकलो. अंगावर काटा आला होता. भीतीने नव्हे. भर दुपारी, पंख्याखाली बसून मला वाटलं की आपण एखाद्या फार मोठ्या खोलीच्या दारात उभे आहोत आणि आत दिवा लागलेला आहे.

मग माझा स्वभाव आडवा आला. ही चित्रं मी काढलेली नव्हती. कोणी काढली ते मला सिद्ध करता येत नव्हतं. पहिल्या पानावर ते वाक्य होतं. मी चाळीस फाइली निवडल्या आणि डिलीट दाबलं. प्रतसुद्धा ठेवली नाही. तत्त्वाचा माणूस ना मी!

त्या दिवसापासून पुढे चार वर्षं मी रोज सकाळी चित्रं काढली. धुक्याच्या दिवशी करडा चौकोन टाकत राहिलो आणि तो टाकताना दर वेळी ते चाळीस दिवस आठवत.

२०१३ च्या डिसेंबरात साइट तिसऱ्यांदा नव्याने केली. या वेळी स्वतःचं नाव विकत घेतलं आणि सगळी चित्रं डेटाबेसमध्ये घातली. करडे चौकोन हाताने करायची गरज उरली नाही. ज्या तारखेचं चित्र नसेल तिथे यंत्राने आपोआप 'धुके' लिहावं अशी सोय केली. रविवारची सकाळ होती. बाहेर धुकं, खिडकीला चिकटलेलं. मी कॅलेंडर उघडलं.

एकही चौकोन करडा नव्हता.

मी एकेक महिना मागे गेलो. २०१२. २०११. २००८. २००३ चा जानेवारी. पहिल्या ऑक्टोबरपर्यंत सगळे चौकोन भरलेले. मोजले: मुक्ताची रविवारची सोडता, तीनशे बारा चित्रं माझी नव्हती. पुसलेली चाळीसही त्यांत होती.

एक चित्र मोठं करून पाहिलं. डागाच्या गाभ्याभोवती जी फिकट कड असते, तिच्यातले केसाएवढे तंतू एकेक करून काढले होते. कडेशी उजळ पट्टे होते. सूर्याच्या पृष्ठभागाचं दाणेदारपण, जे साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून आणि आमच्या धुळीतून दिसणं अशक्य, ते पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टिपलं होतं. बारा वर्षांत मी दृश्यतेच्या रकान्यात चाराच्या वर कधी गेलो नव्हतो. चारही पाऊस होऊन गेल्यावर एखाद्या दिवशी. इथे सगळीकडे ५ होतं. ढग: ०. निरीक्षक: मु. शेऱ्याचा रकाना रिकामा.

चहा गार झाला. मला हात जोडावेसे वाटले. इतकं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या मुलीच्या हातचं होतं. मी शास्त्रज्ञ आहे, तरी हे वाक्य असंच लिहितो.

साइटचा पासवर्ड मला एकट्याला माहीत होता. तो बदलला. सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं याची यादी काढली. माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

अडचण अशी की नेमकी त्याच महिन्यात पुण्याहून नरेंद्रांची मेल आली. हे निवृत्त खगोलशास्त्रज्ञ. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करून त्यांची एक मोठी सूची करत होते. माझी बारा वर्षांची चित्रं तिच्यात जाणार होती. एका बुरशीवाल्याला याहून मोठा मान कुठला? मी त्या मेलची चार महिने वाट पाहिली होती. त्यांना माझं सहीचं पत्र हवं होतं: साइटवरचं प्रत्येक चित्र माझ्या गच्चीवरून, प्रत्यक्ष पाहून काढलेलं आहे. खाली त्यांनी विचारलं होतं, 'चंद्रहासराव, २०११ चा जानेवारी कुठून काढलात? साठ मिलिमीटरमधून एवढं दिसत नाही. तुमच्या डोक्यावर हवाच नाही की काय?'

तीनशे बारा चित्रं पुसली की पत्रावर सही करायला मी मोकळा. दोन मिनिटांचं काम. ठेवली तर बारा वर्षांच्या माझ्या खऱ्या चित्रांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मी चित्रं निवडली. पडद्यावर विचारणा आली, नक्की पुसायचं?

"पुन्हा पुसणार?"

नंदा मागे उभी होती. शाल पांघरलेली, हातात मटाराची परात.

"पुन्हा म्हणजे?"

"मागच्या वेळी चाळीस होती. तुम्ही ऑफिसला गेलात की मी रोज बघायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मग पुसली तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाहिलं नाही ते ठेवत नाही ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"मी काढलेली नाहीत ती, नंदा."

"तुम्ही काढलीत असं कुठे लिहिलंय? निरीक्षकाचं नाव आहे ना तिथे."

वर एक विमान घिरट्या घालत होतं. धुक्यामुळे त्याला उतरता येत नव्हतं. आवाज जवळ येई, लांब जाई. नंदाने मान वर केली.

"त्या लोकांना आत्ता ऊन दिसत असेल," ती म्हणाली.

एकदा मी त्या पोरीला विचारलं होतं, पाहिलास का? तिने खरं उत्तर दिलं होतं, नाही. आता ती म्हणत होती, पाहिला. तीनशे बारा वेळा, तारीख-वेळ घालून. आणि मी पुन्हा पुसायला बसलो होतो.

मी 'नाही' दाबलं.

नरेंद्रना लिहिलं की सही करता येणार नाही, माझी नोंद सूचीतून काढावी. साइटवर माझ्या गच्चीवरून न काढलेली चित्रं आहेत. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मग कोणी काढली?' मी लिहिलं, 'माझ्या मुलीने.' त्यांना आमचं काहीच माहीत नव्हतं. सूचीतून माझं नाव त्यांनी काढलं आणि खाली लिहिलं, 'तिला माझा आशीर्वाद सांगा. असा हात मी पाहिला नाही.'

पहिल्या पानावरचं वाक्य मी बदललं नाही. ते अजूनही खरंच आहे. त्याच्याखाली फक्त एक ओळ वाढवली: 'निरीक्षक: चंद्रहास आणि मुक्ता.'

२०१७ मध्ये निवृत्त झालो आणि साइट चौथ्यांदा केली, फोनवर नीट दिसावी म्हणून. खरं तर नंदासाठी. ती आता रोज सकाळी चष्मा लावून फोनवर बघते. धुक्याच्या दिवसाचं चित्र हल्ली त्याच सकाळी येतं, नऊच्या सुमाराला. कसं येतं ते शोधणं मी सोडून दिलं. मी एक नवीन शिस्त लावून घेतली आहे. धुकं असलं तरी वर जायचं, दुर्बीण लावायची, फॉर्म अडकवायचा, पंधरा मिनिटं बसायचं आणि खरं ते लिहायचं: 'दिसला नाही.' ती पाहते आहे, तर आपण निदान गच्चीवर असावं.

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. सात दिवस धुकं हललं नव्हतं. सव्वाआठला वर गेलो. कठडा दिसत नव्हता. नळीची सावली नाही, त्यामुळे अंदाजाने तिचं तोंड आग्नेयेकडे वळवलं. फॉर्म लावला. बसलो. कार्ड पांढरं, धुकं पांढरं. कानटोपीवरून पाणी ठिबकत होतं. पंधरा मिनिटांनी 'दिसला नाही' लिहिलं, बोटं आखडली होती म्हणून दुर्बीण तशीच ठेवली आणि खाली आलो.

नंदाने चहा पुढे केला. मग फोन हातात घेतला.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"काय झालं?"

"आज शेरा लिहिलाय."

तीनशेच्या वर चित्रांत शेऱ्याचा रकाना कधी भरलेला नव्हता. मी चष्मा शोधला. सूर्य नेहमीसारखा, नितळ, कडेला एकच छोटा डाग. दृश्यता ५. वेळ आठ वाजून सव्वीस मिनिटं. खाली तिचं बारीक अक्षर, उजवीकडे फराटलेलं:

'खाली सगळं धुकं. एकच गच्ची दिसते. बाबा, झाकण.'

मी जिना चढून वर गेलो. दारातून दुर्बीण दिसत नव्हती.

पाच पावलं मोजून पुढे झालो आणि हात लांब केला. नळीचा थंड पत्रा लागला. चाचपडत तिच्या तोंडाशी आलो.

झाकण होतं.